पट्टा, वायर आणि भिसे खिंड

मराठीत गिअर 'पडतो'. आपण तो टाकतो आणि तो पडतो. नाही पडला तर 'अडकला' म्हणतो, पडून निसटला तर 'उडाला'. चढावर गाडी कुथायला लागली की 'उचलत नाही' म्हणतो. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, यंत्रांचं शिक्षण शून्य. पण हे शब्द मला फार आवडतात. ज्यांनी हाताने गिअर टाकले त्यांनीच ते घडवले आहेत, हे ऐकताक्षणी कळतं.

आमच्या लहानपणी एस.टी.त ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली तर तो सोहळाच असे. सुकेळी खिंडीत चढावर गिअर उतरवताना तो क्लच दोनदा दाबायचा. एकदा गिअर काढायला, मग मधल्या मोकळ्या जागेत इंजिनाला थोडी चालना, आणि पुन्हा दाबून खालचा गिअर. फिरणाऱ्या दोन चाकांचा वेग जुळल्याशिवाय त्यांचे दात एकमेकांत बसत नाहीत. नाहीतर सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी खरखर. हा वेग आपोआप जुळवणारी रचना अमेरिकेत कॅडिलॅकने १९२८ सालीच आणली होती. पुढे ओल्डस्मोबिलच्या १९४० च्या मॉडेलात 'हायड्रा-मॅटिक' आलं. त्यात क्लचचं पेडलच नाही, तेलाच्या दाबावर गिअर आपोआप बदलणार. आमचा ड्रायव्हर मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं दोनदाच क्लच दाबत होता!

आपल्याकडे सामान्य घरात स्वयंचलित गिअर मोटारीतून आलाच नाही. तो दोन चाकांवरून आला, आणि तोही महाराष्ट्रातल्या माणसांनी आणला, असं माझं मत आहे. त्याची तारीख मी १९७२ धरते.

त्या एकाच वर्षी दोन वाहनं आली. एक बजाजची चेतक, आकुर्डीची. दुसरी फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगची लूना, अहमदनगरची (आता अहिल्यानगर). चेतकमध्ये डाव्या हाताने क्लच दाबायचा आणि त्याच हाताची मूठ फिरवून गिअर टाकायचा. लूनाला गिअरच नव्हते. इंजिनाने वेग घेतला की क्लच आपोआप धरायचा, वेग कमी झाला की सोडायचा. पन्नास सीसीचं ते इवलंसं यंत्र. चढावर पायडल मारून त्याला मदत करावी लागे. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. लूनाला लोक हसत, आणि घेतही.

आमच्या घरी मूठ फिरवायची स्कूटर होती, ती यजमानांची. मुठीपासून पेटीपर्यंत गिअरच्या दोन वायरी, तिसरी क्लचची. वायर ताणली की मुठीवरचा आकडा एक सांगणार आणि आतला गिअर दुसराच असणार. निदान सोपं होतं. गाडी स्टँडवर घ्यायची, मूठ न्यूट्रलवर ठेवायची आणि मागचं चाक हाताने फिरवायचं. मोकळं फिरलं तर ठीक. अडलं तर वायरीच्या टोकाचा नट थोडा थोडा फिरवून पुन्हा बघायचं. वायरी बरोबर असूनही गिअर उडत असेल, तर पेटीतला चार टोकांचा लोखंडी तुकडा झिजलेला. मग मात्र गॅरेज. डिकीत एक जादा वायर आणि पाना हा प्रत्येक गृहस्थाचा संसार असे. पण हे सगळं 'पुरुषांचं काम' होतं. नऊवारी-पाचवारीत किक मारायची, डाव्या मनगटाने मूठ पिळायची, मागच्या ब्रेकला पाय... हे जमणाऱ्या बायका होत्या, पण फार थोड्या.

१९८४ साली कायनेटिक आणि जपानची होंडा एकत्र आल्या आणि मध्य प्रदेशात पिथमपूरला कायनेटिक होंडा बनू लागली. बटण दाबलं की सुरू आणि गिअर नाहीत! इतिहासाच्या पुस्तकात हे साल कुणी घालणार नाही. पण शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बायका एस.टी.च्या वेळापत्रकातून सुटल्या त्या या वाहनावर, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नवऱ्याला किंवा मुलाला 'सोड रे जरा' म्हणायची गरज उरली नाही. बायकांच्या बाबतीत गिअर न टाकण्याची सोय अनेक भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

यातली युक्ती मूळची हॉलंडमधली नसली तरी तिथे ती गाजली. डाफ या कंपनीने १९५८ साली ती छोट्या मोटारीत बसवली. दोन पुली आणि मध्ये रबरी पट्टा. पुढच्या पुलीत छोटे रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि पुलीच्या दोन थाळ्या जवळ दाबतात. पट्टा पुढे कडेकडे चढतो, मागे आत उतरतो. म्हणजे दर क्षणी गिअर बदलतच असतो, फक्त 'पडत' नाही.

मीही पुढे अशी एक जुनी स्कूटर घेतली, सेकंडहँड. काही वर्षांनी ती भिसे खिंडीत रडायला लागली. रोहा-नागोठणे रस्त्यावरची ही खिंड माझ्या मते तपासणीची प्रयोगशाळाच आहे. चढावर इंजिन किंचाळतंय की कण्हतंय, एवढंच ऐकायचं. किंचाळतंय आणि गाडी सरकत नाही, तर काहीतरी घसरतंय: पट्टा गुळगुळीत झालाय, त्याला तेल लागलंय, नाहीतर मागच्या क्लचचे शू संपलेत. कण्हतंय, जणू चौथ्या गिअरात चढतंय, तर पुली खाली उतरत नाही. मागची स्प्रिंग मेली किंवा ग्रीस वाळून थाळी अडकली. निघताना गचके बसत असतील तर क्लचमध्ये धूळ. सपाटीवर वेगच येत नसेल तर पट्टा झिजून अरुंद झालेला किंवा रोलर चपटे.

माझी किंचाळत होती. वर सपाटीवरही पूर्वीचा वेग नव्हता. एका गॅरेजवाल्याने इंजिन खोलायला सांगितलं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मात्र घरीच बघू म्हटलं. गाडी थंड असताना झाकण काढलं आणि पुढच्या पुलीच्या थाळीवर मधून कडेपर्यंत स्केचपेनने एक रेघ मारली. झाकण लावून कोलाडपर्यंत जाऊन आलो. पुन्हा उघडलं, तर आतली रेघ पुसलेली आणि कडेची बोटभर तशीच! पट्टा कडेपर्यंत चढतच नव्हता. प्रयोगशाळेतल्या व्हर्नियरने त्याची रुंदी मोजली, माहितीपुस्तकातल्या मर्यादेपेक्षा कमी भरली. नवा पट्टा टाकला (पुलीचा नट घरच्या पान्याला दाद देत नाही, तो तेवढा गॅरेजात सोडवून घेतला). इंजिन खोलायचं कारणच पडलं नाही. एवढ्या वर्षांत वापरलेला तो सर्वांत स्वस्त खडू असेल!

होंडा १९९८ साली बाजूला झाली आणि पुढे होंडाचीच ॲक्टिव्हा घरोघरी आली. तिच्या आतही तोच पट्टा, तेच रोलर. स्केचपेनची रेघ तिलाही चालते.

मोटारींचं तसं नाही. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत ए.एम.टी. आला आणि स्वयंचलित गिअर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. खरं तर ती साधीच गिअरपेटी. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आपल्या हातापायांऐवजी संगणकाच्या हुकुमावर चालणारी यंत्रणा. म्हणजे आतमध्ये गिअर अजून पडतोच. गचका बसायला लागला तर घरी काय बघावं? आधी बॅटरी, कारण दाब कमी झाला की संगणक भलतंच वागतो. मग ताम्हिणीच्या चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय आहे का, हे स्वतःला विचारावं. त्याने क्लच जळतो. दोष-क्रमांक वाचणारं छोटं यंत्रही आता विकत मिळतं. पण क्लच बदलल्यावर संगणकाला तो नव्याने शिकवावा लागतो आणि ते काम लॅपटॉपवरचं. तिथे व्हर्नियर चालत नाही.

२०२० साली चेतक पुन्हा आली, विजेवरची. तिला ना गिअर, ना वायर, ना मूठ पिळून गिअर टाकणं. परवा आमच्या आळीतली एक मुलगी ती घेऊन भिसे खिंडीतून गेली. मी कान देऊन ऐकत होते. आवाजच नाही हो!