आनंदवनाची पंगत

वर्ध्याहून चांद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील वरोरा हे गाव इंग्रजी अमदानीत दगडी कोळशाच्या खाणीमुळे सरकारदफ्तरी महत्त्व पावले. आणि पुढे खाणीचे ते वैभव ओसरल्यावर तहसिलीची कचेरी, कापसाचा बाजार व भोवतालच्या जंगलमुलखाशी चालणारा व्यापार एवढ्यावर त्याचा चरितार्थ चालू राहिला. या गावाला आज जगाच्या नकाशावर जे स्थान आहे, ते मात्र कोळशाने किंवा कापसाने दिलेले नाही. गावाच्या शिवेबाहेर सरकारने दिलेल्या पन्नास एकर खडकाळ, झुडपी, पडीक जमिनीवर 1951 साली जी वसाहत उभी राहू लागली, तिने ते दिले.

त्या जमिनीवर राहावयास आलेले मुरलीधर देविदास उर्फ बाबा आमटे हे जमीनदार घराण्यात वाढलेले, वकिलीची सनद घेतलेले आणि वरोऱ्याच्या नगरपालिकेत पदाधिकारी राहिलेले गृहस्थ होते. त्यांच्यासोबत पत्नी साधनाताई, विकास व प्रकाश ही दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खर्चासाठी चौदा रुपये, एवढाच सरंजाम होता. विनोबांच्या हस्ते या आनंदवनाचा प्रारंभ झाला, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि गडचिरोली ही त्याचीच एक तहसील होती.

त्या काळी कुष्ठरोगाविषयी लोकांच्या मनात केवढी दहशत होती, हे ध्यानी घेतल्यावाचून पुढील इतिहासाचे मोल कळणार नाही. रोगाचा जंतू नॉर्वेतील हॅन्सेन यांनी 1873 सालीच शोधून काढला होता, आणि 1940 च्या दशकात डॅप्सोनसारखे गुणकारी औषधही हाती आले होते. परंतु भिक्षा मागणाऱ्या रोग्यास पकडून आश्रमात डांबण्याची मुभा देणारा 1898 चा कायदा अमलात होता आणि गावोगावचा रिवाज त्या कायद्याहूनही निष्ठुर होता. घरातला मनुष्य रोगी निघाला की त्याचे ताट वेगळे, मग खोली वेगळी, आणि अखेरीस गावच वेगळे, असा हा क्रम असे. सेवाग्रामात महात्मा गांधींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्र्यांची स्वहस्ते शुश्रूषा केली, आणि वर्ध्याजवळ दत्तपुरात मनोहरजी दिवाण यांनी 1936 पासून कुष्ठसेवेचे व्रत चालविले, ही दोन उदाहरणे विदर्भाच्या डोळ्यांसमोर होती. बाबांचे या कामातले पहिले धडे दत्तपुरातच झाले व शास्त्रीय शिक्षण कलकत्त्यात झाले. तरीही सामान्य माणसाच्या मनातील भय यत्किंचितही ढळलेले नव्हते.

आनंदवनातील पहिले काम विहिरीचे. वरवर पाहता ही साधी गोष्ट. पण खोदणाऱ्यांचे हात कसे होते याचा विचार केला म्हणजे तिची थोरवी कळते. या रोगात मज्जातंतू निकामी होऊन बोटे आखडतात, कुदळीचा दांडा मुठीत नीट बसत नाही. आणि त्याहून घातक म्हणजे त्वचेची संवेदनाच जात असल्यामुळे तळहाताला फोड आला, तो फुटला, त्यात खडा रुतला, तरी माणसाला पत्ता लागत नाही, व दुखत नाही म्हणून काम न थांबविलेल्या हाताची जखम चिघळत जाते. वेदना ही शरीराची पहारेकरीण आहे, आणि ती पहारेकरीण गमावलेल्या माणसांनी प्रत्येक घावागणिक डोळ्यांनी आपल्या हातांची राखण करीत तो खडक फोडला. पाणी लागले, वाफे झाले, भाजीपाला पिकला, आणि तो विकावयाचा म्हटल्यावर गिऱ्हाईक मिळेना. कारण ज्या हातांनी पिकविले त्या हातांचे भय भाजीलाही चिकटले होते.

हा पेच सुटला तो दूरदेशीच्या स्वयंसेवकांमुळे. पहिल्या महायुद्धात होरपळलेल्या फ्रान्समध्ये, व्हेर्दूनच्या रणभूमीनजीकचे एक उद्ध्वस्त गाव पुन्हा वसविण्यासाठी स्वित्झर्लंडचे अभियंते प्येर सेरेसोल यांनी 1920 साली काही युरोपीय तरुणांची श्रमतुकडी जमविली. ज्यांनी एकमेकांवर तोफा डागल्या त्या राष्ट्रांनी एकत्र येऊन विटा रचाव्यात, हा त्यामागचा हेतू. तीतूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था वाढली. 1934 च्या बिहारमधील भूकंपानंतर सेरेसोल स्वतः हिंदुस्थानात येऊन तेथील पुनर्वसनात राबले होते. याच संस्थेची निरनिराळ्या देशांतील तरुण मंडळी 1950 च्या दशकात वरोऱ्यास आली आणि आनंदवनातील पक्क्या इमारती उभारण्याच्या कामास लागली.

त्यांनी भिंती रचल्या हे खरेच. परंतु त्यांच्या हातून घडलेले सर्वांत मोठे कार्य भिंतींचे नव्हते. दिवसभर रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून राबलेली ही मंडळी रोग्यांनी पिकविलेली भाजी आणि रोग्यांनी रांधलेले अन्न त्यांच्याच पंगतीला बसून जेवत. ही वार्ता गावात पसरली, कुतूहलाने लोक पाहावयास येऊ लागले. आणि सातासमुद्रापलीकडची सुशिक्षित माणसे जे अन्न निःशंकपणे खातात ते आपण विटाळलेले का मानावे, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात आपोआप उभा राहिला. आनंदवनाच्या भाजीला हळूहळू बाजार मिळाला. वर्षानुवर्षांच्या व्याख्यानांना जे साधले नव्हते, ते काही महिन्यांच्या सहभोजनाने साधले.

येथे कोणी कोणाला काय दिले, याचा हिशेब करू गेल्यास तो नेहमीच्या खतावणीत बसत नाही. पाहुण्यांनी श्रम दिले व विश्वास दिला. पण अंगी सामर्थ्य असता चार तास कुदळ चालवून थकणाऱ्या तरुणाने शेजारी बधिर हातांनी तेच काम निश्चयाने करणारा माणूस पाहिला, तेव्हा स्वतःच्या बळाविषयीची त्याची कल्पनाच पालटली असली पाहिजे. करुणा घेऊन आलेला मनुष्य आदर घेऊन परतावा, याहून मोठी कमाई स्वयंसेवकाला दुसरी कोणती?

बाबांनी या अनुभवातले मर्म अचूक टिपले, आणि मदत घेणारी वसाहत मदत देणारी कशी होईल याकडे त्यांचे लक्ष लागले. 1960 च्या दशकात आनंदवनाने आनंद निकेतन महाविद्यालय उभे केले, ते निरोगी मुलांच्या शिक्षणासाठी. ज्या समाजाने घराबाहेर काढले त्याच्या लेकरांसाठी विद्येचे मंदिर बांधण्याइतके औदार्य या माणसांनी दाखविले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मूल तहसिलीत सोमनाथ येथे जंगलालगतची जमीन मिळाली. तेथे रोगमुक्त झालेल्यांनी रान साफ करून धानाच्या बांध्या घातल्या, आणि त्याच ठिकाणी उन्हाळ्याच्या सुटीत महाराष्ट्रभरच्या विद्यार्थ्यांसाठी श्रमसंस्कार छावणी भरू लागली. चांद्याच्या मे महिन्यात सूर्योदयाआधी घमेली-फावडी घेऊन निघणारी ही मुले शहरातून येताना सेवेची भाषा घेऊन येत. मग छावणीचे यजमानपद, शेतीची जाण आणि घाम गाळण्याचे शिक्षण या तिन्ही बाबतींत, ज्यांची सेवा करावयाची तीच माणसे आपले गुरू आहेत, हे त्यांच्या ध्यानी येई.

1973 च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकसा येथे माडिया गोंडांच्या मुलखात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात नद्यांच्या पुराने जगापासून तुटणाऱ्या त्या रानात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या साथीला कार्यकर्ते जाऊन राहिले, ते याच परंपरेच्या बळावर. पाठीच्या कण्याच्या विकाराने बसणेही अशक्य झालेल्या बाबांनी 1985 साली कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली, आणि वाहनात आडवे पडून प्रवास करणाऱ्या त्या वृद्धापुढे तरुणांची सायकलस्वार तुकडी चालली, तीही याच परंपरेला साजेशी. पूर्वी रोग्यांच्या चिकाटीने बाबांना बळ दिले होते. आता बाबांची चिकाटी तरुणांना बळ देत होती.

सेवेला जाणाऱ्या आजच्या तरुणाने या इतिहासातून एवढे जरूर घ्यावे. आपण किती झाडे लावली, किती भिंती बांधल्या, याची नोंद अवश्य ठेवावी; परंतु जेथे गेलो तेथील माणसाच्या हातचे आपण खाल्ले काय, त्याच्याकडून काही शिकलो काय, आणि त्यालाही देता होण्याची संधी मिळाली काय, हे आधी स्वतःस विचारावे. ज्या सेवेत घेणाऱ्याचा हात सदैव खालीच राहतो, ती सेवा कितीही उदार असली तरी अपुरी आहे. आणि वरोऱ्याच्या खडकावर राबलेल्या त्या बधिर हातांनी हा धडा विदर्भाला व साऱ्या देशाला घालून दिला आहे.