फूटपाथ कंपनीचा, पत्रक माझं

कोणाचं ट्विटर किंवा फेसबुकवरचं खातं बंद झालं की वाद दोन वाक्यांत आटोपतो. एक बाजू म्हणते, ही मुस्कटदाबी आहे. दुसरी म्हणते, कंपनी खासगी आहे, आपल्या घरात कोणाला बसू द्यायचं ते ती ठरवेल. खातं कोणाचं होतं त्यानुसार माणसं बाजू बदलतात. वाक्यं मात्र तीच राहतात. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे आणि आमच्याकडे दुसरं वाक्य जवळपास निसर्गनियमासारखं बोललं जातं. पण तो निसर्गनियम नाही. त्याला जन्मतारीख आहे, जन्मस्थळ आहे, आणि ते वाक्य बोललं जाण्यापूर्वी न्यायालयांनी त्याच्या अगदी उलटही सांगून झालेलं आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या चिकासॉ या गावापासून करू. मोबील शहराजवळचं हे गाव १९४०च्या दशकात अख्खंच्या अख्खं गल्फ शिपबिल्डिंग कॉर्पोरेशन या जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं होतं. घरं, रस्ते, गटारं, दुकानांची इमारत, सगळं कंपनीचं. गावाचा पोलीस काउंटीच्या शेरीफचा दुय्यम अधिकारी होता, पण त्याचा पगार कंपनी देई. दुकानांच्या रांगेत पोस्ट ऑफिसही होतं. बाहेरून येणाऱ्याला हे गाव इतर गावांपेक्षा वेगळं दिसण्याचं काही कारण नव्हतं.

ग्रेस मार्श ही यहोवाज विटनेसेस या पंथाची बाई १९४३च्या डिसेंबरमध्ये तिथल्या पोस्टाजवळच्या फूटपाथवर पंथाची पत्रकं वाटत उभी राहिली. फूटपाथ कंपनीचा असल्यामुळे परवानगी लागेल आणि ती मिळणार नाही, असं तिला सांगण्यात आलं. तिनं हलायला नकार दिला. तिला अटक झाली आणि दुसऱ्याच्या मालमत्तेत विनापरवाना थांबल्याबद्दल शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ७ जानेवारी १९४६ला पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल तिच्या बाजूनं लागला. (नववे न्यायाधीश रॉबर्ट जॅक्सन तेव्हा न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवरचा खटला चालवत होते.) निकाल लिहिणाऱ्या ह्यूगो ब्लॅक यांचा मुद्दा साधा होता. मालकी म्हणजे अमर्याद सत्ता नव्हे. मालक स्वतःच्या फायद्यासाठी आपली जागा लोकांना जितकी खुली करतो, तितके तिथे वावरणाऱ्यांचे घटनात्मक हक्क त्याच्या अधिकारांना मर्यादा घालतात.

हा निकाल वाचताना आजच्या कोणालाही फेसबुक आठवेल. रस्ते कंपनीचे, पोलीस कंपनीचा, आणि रहिवाशांना दुसरीकडे जाऊन बोलण्याची मुभा. मग पुढे काय झालं?

पुढे मॉल आले. १९६८मध्ये न्यायालयानं चिकासॉचं तत्त्व पेनसिल्वेनियातल्या एका शॉपिंग सेंटरला लावलं आणि तिथल्या कामगार संघटनेला निदर्शनं करू दिली. १९७२पर्यंत न्यायाधीश बदलले होते. ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या मॉलमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्यांना न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी बाहेरचा रस्ता दाखवला. १९७६मध्ये तर १९६८चा निकाल आता मेला आहे असं न्यायालयानं स्पष्टच सांगून टाकलं. चिकासॉ अपवाद म्हणून उरलं: कंपनी जेव्हा संपूर्ण गाव चालवते, सरकारची जवळपास सगळी कामं करते, तेव्हाच घटना तिला लागू, नुसती गर्दी जमवली म्हणून नाही. आमच्या धंद्यातलं ते लाडकं वाक्य या आठ वर्षांत घडलं.

पण यालाही एक फाटा फुटला. कॅलिफोर्नियातल्या कॅम्पबेलमध्ये, म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतच, प्रूनयार्ड नावाचा मॉल आहे. तिथे शाळकरी मुलं एका अर्जावर सह्या गोळा करत होती, त्यांना पहारेकऱ्यानं हाकललं. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानं म्हटलं की आमच्या राज्याची घटना या मुलांना मॉलमध्ये सह्या गोळा करण्याचा हक्क देते. १९८०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं: असा हक्क दिल्यानं मालकाची मालमत्ता हिरावली जात नाही. म्हणजे 'खासगी जागा' या शब्दांतून उत्तर आपोआप निघत नाही. एकाच देशात, एकाच दशकात, दोन राज्यांत दोन उत्तरं निघाली.

आता संगणकाकडे येऊ. आयबीएम आणि सीअर्स यांच्या भागीदारीतली प्रॉडिजी ही सेवा वेबच्या आधीची. मॉडेम लावायचा, महिन्याचे पैसे भरायचे आणि बातम्या, खरेदी, चर्चा, ईमेल वापरायचं. १९९०मध्ये कंपनीनं ठरावीक संख्येपलीकडच्या ईमेलला जादा दर जाहीर केला. सभासद चिडले. त्यांनी प्रॉडिजीवरूनच एकमेकांना पत्रं पाठवून विरोध उभा केला. कंपनीनं चळवळ्या सभासदांपैकी काहींची खाती बंद केली. खातेबंदीच्या इतिहासातलं हे एक आद्य प्रकरण, आणि त्यात शिवीगाळ नव्हती, अफवा नव्हती. दरवाढीची तक्रार होती. कंपनीचं समर्थन असं की आम्ही वर्तमानपत्रासारखे आहोत, काय छापायचं ते संपादक ठरवतो.

हे समर्थन तिच्यावरच उलटलं. १९९४मध्ये प्रॉडिजीच्या चर्चेत कोणा अनामिकानं लिहिलं की स्ट्रॅटन ओकमाँट ही शेअर दलालीची पेढी फसवणूक करते. पेढीनं प्रॉडिजीवरच वीस कोटी डॉलरचा दावा लावला. त्याआधी १९९१मध्ये कॉम्प्युसर्व्ह या प्रतिस्पर्धी सेवेची अशाच बदनामीच्या दाव्यातून सुटका झाली होती, कारण ती मजकूर तपासत नसे. न्यायालयानं तिला पुस्तकविक्रेत्यासारखं मानलं. प्रॉडिजी मात्र मजकूर चाळत होती. त्यामुळे १९९५मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं म्हटलं की तुम्ही स्वतःला संपादक म्हणवता, तर संपादकाची जबाबदारीही घ्या. पुढे स्ट्रॅटन ओकमाँट खरोखरच फसवणूक करत होती हे सिद्ध झालं, तिचा संस्थापक तुरुंगात गेला आणि त्याच्यावर सिनेमाही निघाला; पण तोवर कायद्याची गाडी पुढे गेली होती.

कारण या निकालाचा अर्थ विचित्र होता. घाण साफ करायला गेलात तर दंड, डोळे मिटून बसलात तर सुटका. ख्रिस कॉक्स आणि रॉन वायडन या दोन काँग्रेस सदस्यांनी, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, यावर तोडगा म्हणून कलम २३० आणलं. फेब्रुवारी १९९६मध्ये क्लिंटन यांच्या सहीनं ते कायद्यात आलं. त्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुरासाठी सेवा चालवणाऱ्याला प्रकाशक मानायचं नाही, हा एक. आणि त्यानं आक्षेपार्ह वाटलेला मजकूर सद्हेतूनं काढला तर त्याबद्दलही त्याला जबाबदार धरायचं नाही, हा दुसरा. ठेवल्याबद्दल दावा नाही, काढल्याबद्दलही नाही. चिकासॉच्या कंपनीला असलं दुहेरी कवच कधी मिळालं नव्हतं.

या कवचाखाली जे उभं राहिलं त्याचं टोक जानेवारी २०२१मध्ये दिसलं. अमेरिकी संसदेवरच्या हल्ल्यानंतर फेसबुकनं ७ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचं खातं बेमुदत थांबवलं, ट्विटरनं ८ जानेवारीला कायमचं बंद केलं. ट्रम्प यांच्या स्नेह्यांत ज्यांची गणना होणार नाही अशा अँगेला मर्केल यांनीही प्रवक्त्यामार्फत नापसंती कळवली: असे निर्बंध कायद्यानं ठरावेत, कंपनीच्या व्यवस्थापनानं नव्हे. मे महिन्यात फेसबुकनंच नेमलेल्या ओव्हरसाइट बोर्डानं बंदी उचलून धरली, पण 'बेमुदत' या शब्दावर बोट ठेवलं. कंपनीच्या नियमांत अशी शिक्षाच नव्हती. फेसबुकनं मग मुदत दोन वर्षांची केली. नोव्हेंबर २०२२मध्ये ट्विटरच्या नव्या मालकानं एक मतचाचणी घेतली आणि 'कायमची' बंदी उठवली. २०२५मध्ये, ट्रम्प पुन्हा सत्तेवर आल्यावर, मेटानं त्यांच्याशी अडीच कोटी डॉलरवर तडजोड केली. याच खटल्यांत तोवर न्यायालयांचा कल कंपन्यांकडे होता. मालकाचा हक्क घटनेनं अबाधित ठेवला होता. मालकानंच वारा पाहून पाठ फिरवली.

पण मला ट्रम्प यांची फारशी काळजी नाही. ज्याच्यासाठी वकील आणि वर्तमानपत्रं उभी राहतात, त्याला आवाज मिळतोच. काळजी आकडेवारीतल्या माणसाची आहे. आमच्या भाषेत खातं बंद होणं म्हणजे डेटाबेसमधल्या एका रकान्याची किंमत बदलणं. बहुतेक वेळा ती आधी प्रोग्रॅम बदलतो: मजकुराला गुण देतो, गुण एका रेषेपलीकडे गेले की कारवाई. रेषा खाली आणली तर निरपराध जास्त सापडतात, वर नेली तर गुन्हेगार जास्त निसटतात. समजा, रोज एक कोटी पोस्ट तपासल्या आणि प्रोग्रॅम ९९.९ टक्के अचूक आहे. तरी रोज दहा हजार चुका. अभियंत्याच्या दृष्टीनं हा उत्तम प्रोग्रॅम. त्या दहा हजारांपैकी जी घरगुती मसाले विकणारी बाई आहे, तिच्या दृष्टीनं तिची गिऱ्हाइकं, फोटो आणि दहा वर्षांचा पत्रव्यवहार एका रात्रीत गेला, आणि दार ठोठवायला दार नाही.

भारतात हा प्रश्न कसा उभा राहतो? वरवर पाहता अमेरिकेसारखाच: कलम १९ अभिव्यक्तीचा हक्क देतं तो सरकारविरुद्ध. सरकारचा हात आपल्याला चांगला ठाऊक आहे. २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यातून ६६अ कलमाविरुद्धची याचिका उभी राहिली आणि २०१५मध्ये ते कलम रद्द झालं. २०२१मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी सरकारच्या आदेशावरून ट्विटरनं 'कॅरव्हॅन' मासिकासकट बरीच खाती रोखली, काही तासांनी खुली केली. अशा आदेशांविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेलेल्या ट्विटरला २०२३मध्ये पन्नास लाख रुपयांचा भुर्दंड बसला.

पण आपल्या घटनेत एक गोष्ट आहे जी अमेरिकेच्या घटनेत तशी नाही. आपल्याकडे माणसाला हुसकावण्याची सत्ता सरकारपेक्षा समाजाकडे जास्त होती, हे घटनाकारांना माहीत होतं. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावला, आणि त्यातला मुख्य दावा होता: तळं सार्वजनिक नाही, खासगी मालकीचं आहे. मनाई हुकूमही मिळाला. तो पुढे उठला, पण दावा उच्च न्यायालयापर्यंत चालला आणि १७ मार्च १९३७ला आंबेडकरांच्या बाजूनं निकाली निघाला. दहा वर्षं एका शब्दावर गेली. पुढे घटनेच्या कलम १५(२)नं दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी यांच्या वापरावरून भेदभाव करायला बंदी घातली, ती केवळ सरकारला नव्हे, सर्वांनाच. कलम १७ तर थेट समाजाला उद्देशून आहे.

अस्पृश्यता आणि बंद झालेलं खातं यांची तुलना करणं अश्लाघ्य होईल. पाणी नाकारणं आणि पोस्ट नाकारणं एका तराजूत बसत नाही. मुद्दा एवढाच आहे की 'खासगी आहे' या उत्तरावर आपली घटना समाधान मानत नाही. जानेवारी २०२३मध्ये कौशल किशोर प्रकरणात घटनापीठानं चार विरुद्ध एक मतांनी म्हटलं की कलम १९ आणि २१चे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. दार किलकिलं झालं आहे. २०१९मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं. नाझी सलाम न करता हाताची घडी घालून उभ्या असलेल्या जर्मन कामगाराचं प्रसिद्ध छायाचित्र त्यांनी लावलं होतं, आणि कंपनीला ते द्वेषपूर्ण वाटलं होतं. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात हाच प्रश्न विचारला: इतक्या मोठ्या जागेचा मालक घटनेला बांधील नाही का?

सरकारनं आपलं उत्तर नियमांतून दिलं. २०२१च्या नियमांनुसार मोठ्या कंपन्यांनी स्वतःहून मजकूर काढताना वापरकर्त्याला कारण कळवून म्हणणं मांडण्याची संधी द्यायची. जानेवारी २०२३मध्ये सरकारनं तक्रार अपील समित्या नेमल्या. कारण आणि अपील या दोन्ही गोष्टी हव्याच होत्या. पण अपील ऐकणाऱ्यांची नेमणूक केंद्र सरकार करतं, जे स्वतः खाती रोखण्याचे आदेशही काढतं. चिकासॉत पोलिसाचा पगार कंपनी देत होती. इथे पंचाची नेमणूक दुसऱ्या पक्षकारानं केली आहे.

म्हणून 'खासगी की सार्वजनिक' या प्रश्नात अडकू नये असं मला वाटतं. कंपनीला नियम करू द्यावेत; नियमांशिवायची जागा बघता बघता सर्वात निर्लज्ज माणसाच्या ताब्यात जाते, हे कोणत्याही व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला विचारा. पण शिक्षा नियमांत आधी लिहिलेली असावी. कोणत्या वाक्यासाठी कारवाई झाली ते माणसाला कळावं. अपील माणसानं ऐकावं, आणि तो माणूस कंपनीचाही नसावा, सरकारचाही. आणि हद्दपार केलं तरी ज्याचं सामान त्याला न्यायला मिळावं: त्याचा मजकूर, फोटो, पत्रव्यवहार. यातली एकही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. खर्चाची आहे, इतकंच.

ग्रेस मार्शला शिक्षा झाली तेव्हा तिच्यापुढे निदान एक न्यायाधीश होता, आरोपपत्र होतं आणि वर जायला न्यायालयं होती. म्हणूनच तिचा खटला आज आपल्याला वाचता येतो. मसालेवालीचा वाचता येणार नाही, कारण तिच्यावर तो चाललाच नाही.