वीज, क्लाउड आणि सातबारा

क्लाउड कॉम्प्युटिंगवरचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, पहिल्या प्रकरणात वीज सापडेलच. पूर्वी प्रत्येक कारखाना स्वतःचं जनित्र चालवायचा. मग मोठी वीजकेंद्रं आली, तारा आल्या, जनित्रं भंगारात गेली. तसंच आता कार्यालयं आपापले सर्व्हर बंद करून क्लाउडवर जातायत. उपमा जुनी आहे. संगणनसुद्धा टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असं जॉन मॅकार्थी १९६१ साली एमआयटीतल्या भाषणात म्हणाले होते. २००८ मध्ये निकोलस कार यांनी ‘द बिग स्विच’ हे अख्खं पुस्तकच विजेच्या उपमेवर उभं केलं, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये ती येते.

मी ऊर्जानगरला वाढले. औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत. पहिला संच १९८३ चा. आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. इथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एचव्हीडीसी लाइन जाते, ±५०० केव्हीची, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी. म्हणजे मुंबई-नवी मुंबईच्या डेटा सेंटरांत जे सर्व्हर घरघरतात, त्यांना वीज देणाऱ्या ग्रिडमध्ये आमच्या कोळशाचाही वाटा आहे. त्यामुळे ही उपमा वाचली की मला आधी बरं वाटायचं. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी ती खटकायला लागली.

खटकली ती एका सातबाऱ्यामुळे. आमची थोडी शेती आहे, धानाची. हस्तलिखित उताऱ्यावर क्षेत्र १.२६ हेक्टर होतं, संगणकीकृत उताऱ्यावर १.६२. दोन आकड्यांची अदलाबदल, बस. वाढलेलं क्षेत्र बघून काका आधी हसले. शेजारच्या खातेदाराचा हिस्सा कमी दिसायला लागल्यावर हसू थांबलं. कलम १५५ खाली अर्ज, चौकशी, आदेश, आणि मग दुरुस्ती. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण मला प्रश्न पडला : विजेच्या बाबतीत असं कधी होतं का? कोराडीचं युनिट चंद्रपूरच्या युनिटात मिसळलं म्हणून कुणाचं नुकसान झालंय का?

आजच्या लेखात तोच धागा धरते. विषय तुमच्या अभ्यासक्रमातला आहे : कार्यालयीन ॲप्लिकेशन्स आणि ती जिथे बनतात ते प्लॅटफॉर्म क्लाउडवर कसे गेले. पण उदाहरण सेल्सफोर्सचं न घेता सातबाऱ्याचं घेते.

तरी जगाचा भाग दोन मिनिटांत उरकून घेऊ. आधी ॲप्लिकेशन जिथे चालायचं तिथेच बनायचं, कार्यालयातल्या यंत्रावर : कोबोल, मग डीबेस आणि फॉक्सप्रो. नव्वदच्या दशकात क्लायंट-सर्व्हर आलं : व्हिज्युअल बेसिक, पॉवरबिल्डर, ओरॅकल फॉर्म्स. आपल्याकडच्या कितीतरी पतसंस्था आणि कारखान्यांचे हिशेब यांवर चालले. मग सेल्सफोर्सने २००७ मध्ये फोर्स डॉट कॉम जाहीर केलं, एप्रिल २००८ मध्ये गूगल ॲप इंजिन आलं, २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचं ॲझ्युर बाजारात उतरलं. आता डेटाबेस, लॉगिन, प्रोग्राम चढवायची जागा, सगळं भाड्याने. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटीने क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यात या मधल्या थराला ‘प्लॅटफॉर्म ॲज अ सर्व्हिस’ हे नाव मिळालं. परीक्षेला एवढं पुरतं. संशोधनाला पुरत नाही, कारण हा सगळा इतिहास विकणाऱ्यांच्या तारखांचा आहे. वापरणाऱ्यांच्या बाजूने काय झालं हे यातून दिसत नाही.

वापरणाऱ्यांची बाजू आपल्या शेजारच्या जिल्ह्यात सुरू होते. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक पातळीवर सुरू केली, शंभर टक्के केंद्राच्या पैशाने. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा होता वर्धा. त्याच सुमारास एनआयसीचं उपग्रहावर चालणारं ‘निकनेट’ जिल्ह्यांच्या ठिकाणी पोहोचत होतं. गडचिरोली तर तेव्हा जिल्हा म्हणून जेमतेम सहा वर्षांचा होता. चंद्रपूरमधून तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला.

पुढे ही योजना पसरली तशी तालुका हे एकक ठरलं. तहसील कार्यालयात एक सर्व्हर आणि त्या तालुक्याचा डेटा त्याच खोलीत. हे आज मागासलेलं वाटतं, पण एक गोष्ट लक्षात घ्या. चूक, तिचा मालक आणि ती दुरुस्त करणारा माणूस, तिघं एकाच आवारात होते. तोटा असा की सर्व्हर बिघडला की तालुका ठप्प, आणि हस्तलिखित उतारा व संगणकातला उतारा दोन्ही एकाच वेळी जिवंत. फेरफार कधी याच्यात व्हायचा, कधी त्याच्यात.

आणि अक्षरं! यावर इतिहासकार फारसं लिहीत नाहीत, म्हणून मी जरा रेंगाळते. युनिकोडच्या आधी मराठी साठवायच्या दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे इस्की हा भारतीय मानक संकेत. १९९१ मध्ये तो आयएस १३१९४ म्हणून प्रमाणित झाला आणि पुण्याच्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने तो कार्यालयांत नेला. दुसरी म्हणजे विशिष्ट फॉन्टशीच बांधलेले संकेत, फॉन्ट गेला की मजकूर चिनी. केंद्रीय प्रणालीत यायचं तर हे सगळं युनिकोडमध्ये आणणं भाग असतं. आता ‘वऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याचा ऱ घेऊन पुढे हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. एका पद्धतीने टाइप करून शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने साठवलेले वऱ्हाडे सापडत नाहीत, शोधयंत्रात तशी सोय केली नसेल तर. तुमच्या लॅपटॉपवर दहा ओळींच्या पायथन कोडमध्ये करून बघा. विजेला असलं आडनाव नसतं.

केंद्रीकरणाकडे राज्याला ढकलणाऱ्या गोष्टी बऱ्याच होत्या. २००८ मध्ये केंद्राने राज्य डेटा सेंटरांची योजना मंजूर केली, त्याच वर्षी भूमी अभिलेखांच्या जुन्या योजना एकत्र करून राष्ट्रीय आधुनिकीकरण कार्यक्रम आला. आणि २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. वरचे मजले जळाले, माणसं गेली, फायली गेल्या. आधी स्कॅन झालेल्या फायलींच्या प्रती मात्र वाचल्या. त्यानंतर ‘डेटा आपल्या खोलीत असला की सुरक्षित’ हा युक्तिवाद कोण ऐकणार? राज्याने स्वतःचा ‘महागव्ह क्लाउड’ उभारला तोही याच सुमाराचा. ई-फेरफारही त्याच दशकातलं. त्यात तालुक्यातालुक्यातला डेटा राज्य डेटा सेंटरकडे गेला आणि तलाठ्याच्या हातात लॅपटॉप व डिजिटल सहीचा टोकन आला. महाभूलेखच्या पानावर तर कित्येक वर्षं आधी महसूल विभाग निवडावा लागायचा. आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीवाले ‘नागपूर’वर क्लिक करायचो.

आता लेखाचा गाभा. डेटा केंद्रात पोहोचला, म्हणजे स्थलांतर झालं का? प्रकल्पाच्या फलकावर झालं. प्रत्यक्षात केंद्रात जे पोहोचलं त्यात तालुक्यातालुक्यात साठलेली प्रत्येक चूकही होती. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळत नाही, मयताचं नाव तसंच आहे, आमच्यासारखे उलटे आकडे. हे सापडवायचं कसं? बेरीज चुकली तर प्रोग्राम सांगेल. पण बेरीज जुळते आणि तरी नोंद खोटी आहे, हे प्रोग्रामला कळत नाही. आमच्या गटात अगदी तेच होतं : आमचं वाढलं तेवढं शेजाऱ्याचं घटलं, एकूण बरोबर.

२०१७ मध्ये यावर जो उपाय राज्यभर राबवला गेला तो कुठल्याही क्लाउड मायग्रेशनच्या पुस्तकात नाही. चावडी वाचन. गावात दवंडी द्यायची, लोक जमवायचे आणि संगणकीकृत सातबारा मोठ्याने वाचायचा. ज्याची जमीन तो ऐकणार, बोलणार, हरकत घेणार. हस्तलिखिताशी ताळा घालून दुरुस्ती होणार. पद्धत शेकडो वर्षं जुनी. तिच्यावर सर्व्हर उभा राहिला. आमच्या आजीने १.६२ ऐकलं आणि जागेवरच म्हणाली, ‘एवढी कोठची आली जी?’ तिला वाचता येत नव्हतं.

या शुद्धीकरणानंतरच १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा द्यायला सुरुवात झाली. आता कायद्याकडे बघा म्हणजे यात काय पणाला लागलं होतं ते कळेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल. म्हणजे चुकीचं क्षेत्र ही निव्वळ ‘डेटा एरर’ नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ते सत्य असतं, आणि ते खोटं ठरवायचं ओझं ज्याचं नुकसान झालं त्याच्यावर. चावडीवर न आलेल्याचं काय? पुण्यात मजुरीला गेलेल्याचं, माहेरच्या हिश्श्यात नाव असलेल्या बाईचं? इथे मला एक पूर्ण शोधप्रबंध दिसतो. कुणी घेतला तर मला कळवा.

तर उपमा कुठे तुटते ते सांगते. विजेला स्मृती नसते. पडघ्याला पोहोचलेलं युनिट कुठून आलं हे विसरूनच ते उपयोगी पडतं. सातबारा उलटा : कुठून आला, कुणी फेरफार घेतला, कुणी मंजूर केला, हे विसरला तर त्याची किंमत शून्य. सर्व्हरची ताकद विजेसारखी भाड्याने घेता येते, आणि त्या अर्थाने कार यांचं बरोबरच आहे. पण ॲप्लिकेशन म्हणजे ताकद नाही, ती साठलेली स्मृती आहे. आणि ती हलवायचा खर्च यंत्रावर होत नाही, माणसांच्या पडताळणीवर होतो. तलाठी रात्री सर्व्हर हलका असताना जागून नोंदी तपासायचे, तो हा खर्च. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तो कुठल्या शीर्षाखाली दिसतो, शोधून बघा.

पुढचा टप्पा थोडक्यात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई, चेन्नईत क्लाउड केंद्रं सुरू केली, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत. डेटा देशातच ठेवून खासगी कंपनीचा क्लाउड वापरणं शक्य झालं, आणि जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउड धोरण आणलं. इथे ‘सार्वजनिक’ या शब्दाला फसू नका. याचा अर्थ सरकारी मालकीचा नव्हे, कुणालाही भाड्याने मिळणारा.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरता एक प्रश्न राहतोच. प्लॅटफॉर्म एक झाला की नमुनाही एक होतो. एक दुरुस्ती सगळ्या तालुक्यांत एकदम पोहोचते, हा मोठा फायदा. पण विदर्भात सातबाऱ्याबाहेरही हक्कांच्या नोंदी आहेत : कलम १६१ चं निस्तार पत्रक, कलम १६५ चा वाजिब-उल-अर्ज. सरपण, चराई, पाणी, वाट यांचे हे हक्क मालगुजारीच्या काळापासूनचे. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तो कुठल्या एका खातेदाराच्या रकान्यात बसणार नाही. नमुना ७ मध्ये ज्याला जागा नाही, त्याचं मायग्रेशन कोण करतं?

यावर काम करायचं असेल तर साधनांबद्दल दोन गोष्टी सांगते, बाकी तुमचं तुम्ही शोधाल. शासन निर्णयावर जो लांबलचक संगणक सांकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. मथळ्यातली तारीख आणि सांकेतांक यांचा मेळ घालत चला, कामाचा क्रम लागतो. दुसरं, निविदा वाचा. त्यात नव्या प्रणालीची स्वप्नं सोडून ‘सध्याची स्थिती’ हे प्रकरण आधी उघडा. जुनी प्रणाली कशावर चालायची, कुठे अडायची, हे तिथे कुणीतरी नाइलाजाने खरं लिहून ठेवलेलं असतं.

आणि जमलं तर तलाठ्याशी बोला, पण पीक पाहणीच्या दिवसांत नको.