कागदावर शिवलेल्या क्विल्ट-ब्लॉकची अचूक जोडणी

क्विल्ट म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची नक्षीदार गोधडी. तिची नक्षी लहान चौरसांत, म्हणजे ‘ब्लॉक’मध्ये विभागलेली असते. नक्षी बिनचूक साधण्यासाठी कागदाचा आधार घेण्याची रीत जुनी आहे. ब्रिटनच्या ‘क्विल्टर्स गिल्ड’च्या संग्रहातील १७१८ सालचे रेशमी आच्छादन कागदी साच्यांवर कापड दुमडून, हाताने जोडलेले आहे. आज रूढ असलेल्या दुसऱ्या पद्धतीत कागदावर नक्षी छापून त्या रेषांवरच यंत्राने शिलाई मारतात. यात ताऱ्याची अणकुचीदार टोकेही नेमकी उतरतात. खरी कसोटी लागते ती ब्लॉक परस्परांना जोडताना.

जोडणीतील चूक लहान असली तरी साठत जाते. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचे एकेक मिलिमीटर कापड अधिक गेले, तर आठ ब्लॉकच्या ओळीतील सात शिवणींमुळे ती ओळ १४ मिलिमीटरने, म्हणजे अर्ध्या इंचाहून अधिक आखूड होते. मग शेजारची ओळ तिच्याशी जुळत नाही.

त्यामुळे काळजी छपाईपासूनच घ्यावी. सर्व नमुने मूळ मापात, एकाच प्रिंटरवर छापावेत आणि पट्टीने मोजून पाहावेत. ब्लॉक पूर्ण झाल्यावर बाहेरच्या रेषेपलीकडे पाव इंच ‘माया’ ठेवून कडा कापावी. कागद मात्र इतक्यात काढू नये. कडेचे कापड उरेब असल्यास ते ताणले जाते. कागद त्याला आवरून धरतो.

दोन ब्लॉक सुलट बाजू आत घेऊन ठेवावेत. एका ब्लॉकच्या रेषेच्या कोपऱ्यातून टाचणी सरळ खुपसावी. ती दुसऱ्या ब्लॉकच्या त्याच कोपऱ्यातून बाहेर आली पाहिजे. जिथे नक्षीची टोके भेटतात, तिथेही असेच करावे. ही टाचणी उभीच ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या टाचण्या लावाव्यात आणि मगच ती काढावी. प्रथम मोक्याच्या जागी लांब टाक्यांची कच्ची शिलाई घालून ब्लॉक उलगडून पाहावा. टोके जुळली असतील, तरच रेषेवर बारीक टाक्यांची पक्की शिलाई मारावी. बारीक टाक्यांमुळे कागदाला जवळजवळ भोके पडतात व तो सहज फाटतो.

यानंतर केवळ मायेतील कागद काढून शिवण उघडी करावी व इस्त्री फिरवावी. त्यामुळे जोडावर जाडी साचत नाही. उरलेला कागद ब्लॉकच्या चारही बाजू जोडून झाल्यावरच काढावा.