उद्‌जनाचा उगम

हायड्रोजनला आपल्याकडे पूर्वी ‘उद्‌जन’ म्हणत. पाण्याला जन्म देणारा, असा त्याचा अर्थ. नाव पाण्याचे असले, तरी या वायूची कीर्ती झाली ती आकाशात. २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसमध्ये जाक शार्ल याने हायड्रोजनने भरलेला फुगा सोडला. तो गोनेस गावी उतरला, तेव्हा भेदरलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या. ही हकीकत सर्वजण चवीने सांगतात. पण तो वायू आला कोठून, हे सहसा कोणी विचारीत नाही. लोखंडाच्या तुकड्यांवर गंधकाम्ल ओतून तो तयार केलेला होता.

पुढे ६ मे १९३७ रोजी हिंडेनबुर्ग हे हायड्रोजनने भरलेले वायुजहाज अमेरिकेत जळाले. ३६ माणसे दगावली व लोकांनी या वायूची धास्ती घेतली. तथापि त्याच वर्षी जर्मनीत हान्स फॉन ओहाइन याने आपले पहिले जेट इंजिन चालविले, ते हायड्रोजनवरच. १५ एप्रिल १९८८ रोजी सोव्हिएत संघाचे तुपोलेव-१५५ विमान उडाले, त्याचे एक इंजिन द्रवरूप हायड्रोजनवर चालत होते. उणे २५३ अंशांपर्यंत थंड केलेला हा द्रव केरोसीनच्या चौपट जागा अडवितो. ती अडचण आहेच. परंतु त्याहून मोठा प्रश्न उगमाचा.

हायड्रोजन जाळला, तर त्यातून कार्बन निघत नाही. मात्र आज जगातील बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून काढतात. नैसर्गिक वायूपासून एक किलो काढताना सुमारे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे विमानाचा धूर कारखान्याच्या धुराड्याकडे गेला, एवढेच! पाणी विजेने फोडूनही तो मिळतो, पण किलोमागे पन्नासहून अधिक युनिटे लागतात. ती वीज कोळशाची असेल, तर घाण उलट वाढते. ऊन, वारा वा धबधबा यांची असेल, तरच तो ‘हरित’.

हा शब्द नवा, वस्तू जुनी. १९६० च्या सुमारास पंजाबात नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेने पाणी फोडून खतासाठी हायड्रोजन काढू लागले होते. पुढे नांगल इंधन तेलाकडे वळले.

आता हा प्रश्न ऐरोलीच्या दाराशी आला आहे. एका अंगास ठाण्याची खाडी व २०१५ साली घोषित झालेले रोहित पक्ष्यांचे अभयारण्य, दुसऱ्या अंगास ठाणे-बेलापूर पट्टीतील कारखाने, आणि दक्षिणेस पनवेलजवळ २५ डिसेंबर २०२५ पासून वाहता झालेला नवा विमानतळ. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन काढण्याचा देशाचा संकल्प २०२३ चा. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी आपले धोरण जाहीर केले. पण खते, तेलशुद्धी व पोलाद हे सारे याच वायूचे मागणीदार. विमानाचा क्रम त्यांच्यामागून. एअरबसनेही २०३५ चा आपला हायड्रोजन-विमानाचा बेत २०२५ साली पुढे ढकलला.

तरीही एखाद्या दिवशी असे विमान खाडीवरून जाईल. त्या दिवशी ऐरोलीकरांनी त्याकडे कौतुकाने जरूर पाहावे. मात्र त्याच्या टाकीतला वायू कोणत्या विजेने काढला, हेही विचारावे. गोनेसच्या गावकऱ्यांना ते सुचले नव्हते.