पोलाद कुणाचे, नाव कुणाचे?

स्मारकाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो : उंची किती? लातूरच्या आंबेडकर पार्कात २०२२ मध्ये ‘स्टॅच्यू ऑफ नॉलेज’ उभा राहिला, तेव्हाही चर्चा फुटांचीच जास्त झाली. मित्रांनो, त्याआधी विचारायला हवे : स्मारकावर नाव कुणाचे?

लंडनचे उदाहरण घ्या. २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी तिथे ११४.५ मीटर उंच, लाल पोलादाचे अमूर्त शिल्प उभारले गेले. त्याला चेहरा नाही, नुसती पोलादी वेटोळी. रचना मुंबईत जन्मलेले अनिश कपूर आणि अभियंते सेसिल बालमंड यांची. बहुतेक पैसा लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीचा, म्हणून नावही तिचेच : ‘आर्सेलरमित्तल ऑर्बिट’.

याच कंपनीने २००४ मध्ये बोस्नियातील ओमार्स्काची लोहखाण ताब्यात घेतली. १९९२ मध्ये सर्ब राष्ट्रवाद्यांनी त्या खाणीत छळछावणी चालवली होती. हजारो बोस्नियाक मुस्लिम आणि क्रोएट तिथे डांबले गेले, शेकडो मारले गेले. वाचलेल्यांची मागणी साधी होती : त्याच जागी स्मारक द्या. कंपनीने २००५ मध्ये ते मान्यही केले. पण स्थानिक विरोध झाला आणि काम थांबले.

मग जुलै २०१२ मध्ये छावणीतून वाचलेली माणसे ऑर्बिटपाशी गेली आणि त्यांनी जाहीर केले : हेच आमचे हद्दपार स्मारक! यात ओमार्स्काचे लोखंड आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीने ते नाकारले. तो वाद बाजूला ठेवा. ऑलिम्पिकच्या शोभेला पोलाद मिळाले, खाणीत मेलेल्यांना एक दगडही मिळाला नाही, हे तर खरे ना?

मराठवाड्याला हे समजायला वेळ लागू नये. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि गावोगाव आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये नामांतरासाठी प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एका नावासाठी आपण जवळपास १६ वर्षे लढलो.

म्हणून उद्या नांदेड-लातुरात पुतळा उभा राहो की अमूर्त पोलाद, समितीच्या बैठकीत तीन गोष्टी लिहून घ्या. शहिदांचे स्मारक त्यांच्या गावातही व्हावे. त्यावर नाव, तारीख आणि मृत्यूचे कारण कोरलेले असावे. देणगीदाराचे नाव शहिदांच्या वर नसावे. अमूर्त शिल्पाला चेहरा नसतो. आपण नाव कोरले नाही, तर पैसेवाला आपले कोरून मोकळा होईल.

जय भीम!