मेणवलीची घंटा आणि उपवासकाळाचें मौन

वाईपासून कोसभर अंतरावर, पुढें सांगलीकडे जाणाऱ्या कृष्णामाईच्या तीरीं, मेणवली हें लहानसें गांव आहे. नाना फडणविसांचा वाडा व त्यामागील घाट यांमुळें तें प्रसिद्धीस आलें. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक थोरली घंटा टांगलेली आहे. ती न्याहाळणारा चकित होतो; कारण तिच्यावर बालयेशूस घेतलेली माता मरिया उमटविलेली असून १७०७ हा इसवी सनाचा आकडाहि आहे.

१७०७ सालींच औरंगजेब मरण पावला, शाहूमहाराज मोगलांच्या कैदेंतून सुटले आणि पुढील जानेवारींत साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. वसई तेव्हां पोर्तुगीजांकडे होती. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं ती जिंकली. तेथील चर्चांच्या घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर आल्या व देवळांस वाहिल्या गेल्या. त्यांपैकींच ही एक होय. नानांचा जन्म साताऱ्यास १७४२ सालीं, म्हणजे वसई पडल्यानंतर तीन वर्षांनीं झाला. जिंकणाऱ्यांच्या लेखीं ती घंटा देवास दिलेला नजराणा होता. वसईस मागें राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या लेखीं मात्र ती प्रार्थनेस बोलावणारी, कायमची हरपलेली हांक होती. इतिहास वाचणाऱ्यानें यांतील एकच बाजू पाहूं नये.

ख्रिस्ती संप्रदायांत राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ पाळतात. रविवार वगळून तो चाळीस दिवसांचा भरतो. आपल्याकडील चातुर्मासाप्रमाणें हाहि संयमाचा व आत्मपरीक्षणाचा काळ. शेवटच्या पंधरवड्यांत क्रूस व मूर्ति जांभळ्या वस्त्रानें झांकण्याची जुनी चाल आहे. पवित्र सप्ताहांतील गुरुवारच्या उपासनेपासून ईस्टरच्या रात्रीपर्यंत घंटाहि मुक्या राहतात. लांकडी टाळ्या वाजवून भाविकांस बोलावितात. नित्य दिसणारें दृष्टीआड झालें, म्हणजे मन त्याचा अर्थ शोधूं लागतें, हें या चालीमागील मर्म होय.

घंटेवरील माता आनंदी दिसो वा गंभीर, उपवासकाळांत तिच्याकडे पाहणाऱ्यास पुढील कथा आठवल्यावांचून राहत नाहीं. तान्ह्या येशूस मंदिरांत नेलें, तेव्हां वृद्ध शिमोनानें मातेच्या जिवांतून तलवार जाईल असें भाकित केल्याचें लूकच्या शुभवर्तमानांत आहे. रोम येथें मायकेल अँजेलोनें १४९९ च्या सुमारास संगमरवरांत घडविलेल्या शिल्पांत त्याच मातेच्या मांडीवर मृत पुत्र आहे. पहिल्या चित्रांत दुसरें पाहणें, लाभलेलें सुख आपल्या हातीं कायमचें राहणारें नाहीं हें ओळखणें, हेंच या चाळीस दिवसांचें चिंतन.

मेणवलीस आणखी एक गोष्ट दिसते. त्या काळीं अशा धातूस तोफांच्या कारखान्यांत मोल होतें; तरी ही घंटा वितळविली गेली नाहीं, व मरियेची आकृतीहि कोणीं घासून टाकली नाहीं. परधर्मीयांच्या हातीं पडलेली माता शिवालयाजवळ अभंग राहिली. उपवासकाळाचा प्रश्न जिंकणाऱ्यास व हरणाऱ्यास सारखाच लागू आहे: जें आपण हिरावून घेतलें, त्याचें पुढें काय केलें? कृष्णेच्या घाटावरील त्या घंटेपुढें क्षणभर उभें राहणाऱ्यानें ती वाजविण्यापूर्वीं हा प्रश्न स्वतःस विचारावा.